लागलेला हात, लावलेला हात

टोकियो, १४ जुलै

दादा,

जयभीम. 'सप्रेम' लिहिणार होते, पण ते राहू दे. खोटं कशाला लिहू?

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला पाहुण्यांसमोर मी जे बोलले, तेव्हापासून तू माझं तोंड पाहिलं नाहीस. मी जपानला निघाले तेव्हा नागपूरपर्यंत सोडायला आई आली, वहिनी आली, तुझी निकिता आली. तू हरभऱ्याला पाणी द्यायला गेलास. म्हणून आता पत्र लिहिते आहे. पत्र कापता येत नाही. पोस्टमन ते आईच्या हातात देईल, आई निकिताला मोठ्यानं वाचायला लावील, आणि तू घरात असशील तर तुझ्या कानावर पडेलच. पडू दे.

आई आधी म्हणाली, निकिताची तब्येत बरी नाही, म्हणून कॉलेज बंद आहे. मी विचारलं, काय झालं, ताप आहे का, डॉक्टरला दाखवलं का. आई नुसतं हो हो करत होती. मी पंधरा वर्षं दवाखान्यात काढली आहेत, दादा. आजारी माणसाबद्दल घरचे कसे बोलतात ते मला कळतं. शेवटी वहिनीनं फोन घेतला आणि मग खरं काय ते समजलं.

दिग्रसची सकाळची बस. पाय ठेवायला जागा नाही. मागचा माणूस अंगाला घासायला लागला. निकितानं त्याला एकदा सांगितलं, तो हसला. ती दोन पावलं पुढं सरकली, तर तोही सरकला. मग तिनं वळून त्याची कॉलर धरली आणि ड्रायव्हरला हाक मारली. तो रामसिंग ड्रायव्हर भला माणूस. त्यानं दारं उघडलीच नाहीत. कोणाची कोर्टाची तारीख होती, कोणाचा पेपर होता, सगळे ओरडत होते. त्यानं भरलेली बस सरळ ठाण्यात नेऊन उभी केली. निकितानं तक्रार लिहून दिली. स्वतःच्या हातानं लिहिली, एकोणीस वर्षांच्या पोरीनं.

आणि संध्याकाळी तू घरी येऊन काय केलंस? तिचं कॉलेज बंद केलंस. वहिनीला म्हणालास, गावात नाव झालं, आता हिले कोण करीन? त्या माणसाचा काका कृषी केंद्रवाला, आपल्याला खत-बियाणं उधार देतो, त्याचा निरोप आला की आपसात मिटवून घेऊ. आणि तू निकिताला म्हणालास, तक्रार मागं घे.

खरं आहे का हे? एवढं एकच विचारायला मी पत्र लिहायला बसले होते. पण आता बसलेच आहे, तर बाकीचंही ऐक. पाहुण्यांसमोर मी एका वाक्यात बोलले होते, आणि तू म्हणालास, हिचं डोकं फिरलं. आता पूर्ण सांगते. निकिता, तू वाचत असशील तर थांबू नको. आजीला ऐकू येईल असं वाच.

निकिता तेव्हा पाळण्यात होती. मला यवतमाळला नर्सिंगच्या ॲडमिशनला जायचं होतं, आणि बाबांनी तुला सोबत पाठवलं. तू कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतास, तिथला मॅनेजर, तो भगवानराव, दारव्ह्याला बसमध्ये चढला. तू उठून त्याला तुझी जागा दिलीस, माझ्या शेजारची. मला तर तेव्हा अभिमानच वाटला, आपल्या दादाला मॅनेजर नावानं ओळखतो म्हणून. बस सुटली आणि थोड्या वेळानं त्याचा हात माझ्या मांडीवर आला. मी फाइल मधे धरली. त्यानं फाइल बाजूला केली.

मी 'दादा' म्हणून हाक मारली. तू वळलास. आधी त्याचा हात पाहिलास, मग माझं तोंड पाहिलंस, आणि मग खिडकीतून बाहेर पाहायला लागलास. लाडखेड गेलं, सगळा रस्ता गेला, तू बाहेरच पाहत होतास.

यवतमाळच्या स्टँडवर उतरल्यावर तू म्हणालास, "घरी काही सांगू नको. माहं काट्यावरचं काम पक्कं होऊन राह्यलं. तू बोलली तं तेबी जाईन अन् तुही ॲडमिशनबी जाईन." मग मला उसाचा रस पाजलास. मी तो रस प्यायले. त्या हाताचा राग यायला मला वेळ लागला, पण त्या रसाचा राग मला तिथंच, गिलास हातात असतानाच आला होता.

आता तेच तू तुझ्या पोरीला पाजतो आहेस.

ममता


टोकियो, २ ऑगस्ट

दादा,

तुझा मेसेज मिळाला. इतक्या दिवसांनी तू मला काही लिहिलंस, त्याचा आनंद व्हायचा तर वाचून अंगाची आग झाली. तू लिहितोस: "तू तिकडे एसी गाडीत फिरते. इथली गर्दी अन् इथले लोक तुले काय माहीत? आमच्या घरात लक्ष घालू नको."

आमच्या घरात! मी कोणाच्या घरातली आहे मग?

आणि गर्दी मला माहीत नाही म्हणतोस. तर ऐक.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथं सकाळी सातला हजर राहावं लागतं. मी राहते शहराच्या पार कडेला, कारण तिथंच खोली परवडते. दोन गाड्या बदलाव्या लागतात. पहिलीत उभं राहायला मिळतं. दुसरीत उभंही राहावं लागत नाही, माणसंच तुम्हाला उचलून धरतात. आपल्या जत्रेच्या बसमध्ये कितीही माणसं कोंबली तरी कोणी ओरडतं, कोणी शिवी देतं, कोणाचं लेकरू रडतं, कोणी म्हणतं "मामा, पाय उचला". इथं काहीच नाही. पांढरे हातमोजे घातलेला स्टेशनचा माणूस बाहेरून पाठीला हात लावून लोकांना आत ढकलतो, दार लागतं, आणि आत चिडीचूप. फोनवर बोलायचं नाही असा नियमच आहे. इतकी माणसं एकमेकांच्या अंगावर श्वास सोडत उभी असतात आणि कोणी कोणाकडं पाहत नाही. आल्या आल्या मला वाटलं होतं, किती शिस्तीचे लोक आहेत. नंतर कळलं, न पाहण्याचीही शिस्त असते.

सकाळी बायकांचा वेगळा डबा असतो. फलाटावर गुलाबी पट्टी रंगवलेली आहे, तिथं थांबायचं. मी तिथंच थांबते. पण मागच्या महिन्यात एक दिवस पहिली गाडी रखडली. मी धावत आले तर दारं लागत होती, जो डबा समोर आला त्यात घुसले.

माझ्यासमोर एक शाळेतली पोरगी होती. गणवेश, पाठीवरची बॅग काढून छातीशी धरलेली. वयानं निकितापेक्षाही लहान. ती खाली पाहत होती आणि तिची मान लाल झाली होती. आधी वाटलं, गुदमरली असेल. मग मी खाली पाहिलं. तिच्या मागं कोट घातलेला, केस नीट विंचरलेला, तुझ्या वयाचा माणूस होता. त्याचा हात कुठं होता ते मी लिहीत नाही, हे पत्र आई ऐकणार आहे.

माझ्या बाजूच्या माणसानंही पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यानं पाहिलं. त्याची नजर खाली गेली, वर आली, आणि मग तो मोबाइलमध्ये शिरला. दादा, मला त्या क्षणी यवतमाळच्या बसमधला तुझा शर्ट आठवला. आकाशी, बारीक रेघांचा. खिडकीशी उभा असलेला.

तू विचारशील, माझं काय जाणार होतं? सगळं जाणार होतं. माझा व्हिसा त्या नोकरीवर आहे. इथं पोलिसांची भानगड मागं लागली, तर मालक दुसऱ्या दिवशी नवीन माणूस ठेवील. उशीर झाला तर ज्या आजोबांना मी सकाळी उठवते, ते ओल्या कपड्यात पडून राहणार. भाषा माझी तोडकीमोडकी. भीती काय फक्त तुलाच वाटते का? ती मला तुझ्यापेक्षा जास्त वाटत होती, कारण माझ्यामागं गाव नव्हतं, घर नव्हतं, कोणीच नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं आणि ओरडले. जपानी एक शब्द तोंडातून फुटेना. मी ओरडले, "ए, हात काढ! हात काढ म्हणते ना!" सगळ्या डब्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मला इथला शब्द आठवला. अशा माणसाला इथं 'चिकान' म्हणतात. आपल्याकडं ढाब्याच्या पाटीवर असतो ना, जवळपास तसाच शब्द. हसू नको. मी तो शब्द ओरडत राहिले आणि स्टेशन येईपर्यंत त्याचं मनगट सोडलं नाही.

फलाटावर स्टेशनची माणसं आली. तो माणूस वाकून वाकून सांगत होता, गैरसमज झाला, गर्दीत हात लागला. मी त्या पोरीकडं पाहिलं. स्टेशनच्या साहेबानं तिला विचारलं. ती जमिनीकडं पाहत राहिली आणि मान हलवली. नाही, काही झालं नाही. बॅग छातीशी धरून ती जिन्यानं निघून गेली. मग त्या साहेबानं माझं कार्ड मागितलं. त्याचं नाही, माझं! परदेशी माणसानं बाळगायचं कार्ड. तो कोटवाला माझ्यासमोर एकदा वाकला आणि पुढच्या गाडीनं कामाला गेला.

मला उशीर झाला. आमच्या मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की गाडीत दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नये, आश्रमाचं नाव खराब होतं. बघ, नाव इथंही खराब होतं. दिग्रस असो की टोकियो, नाव कोणाचं खराब होतं? ज्याचा हात होता त्याचं कधीच होत नाही.

मला त्या पोरीचा राग नाही आला. तुझा आला. तिला कोणीतरी आधी सांगितलं असेल की चूप राह्य. तिलाही कोणीतरी रस पाजला असेल.

आता सांग, मला गर्दी माहीत आहे की नाही?

ममता


टोकियो, २८ ऑगस्ट

दादा,

आई म्हणाली, मागचं पत्र तू निकिताला वाचू दिलं नाहीस. स्वतःच घेऊन वावरात गेलास आणि जेवायलाही घरी आला नाहीस. वहिनीनं विचारलं तर तिच्यावर खेकसलास. खेकस. पण वाचलंस ना? बस.

त्या गोष्टीचं पुढं काय झालं ते सांगते.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मी गुलाबी पट्टीपाशी उभी होते, तर कोणीतरी माझ्या बाहीला हात लावला. तीच पोरगी. सोबत तिची आई, ऑफिसचे कपडे घातलेली, डोळ्यांखाली काळं. दोघी रोज सकाळी त्या फलाटावर येऊन मला शोधत होत्या. मी इथं सावळ्या रंगाची, दाट वेणीवाली एकटीच असेन, तरी त्या गर्दीत सापडायला त्यांना दिवस लागले. पोरीनं शेवटी घरी सांगितलं होतं. तो माणूस एकदाच नाही, मार्चपासून तिच्या मागं त्याच दारातून चढत होता. आई पोलिसांत गेली. पोलीस म्हणाले, कोणी पाहणारं आहे का?

त्या बाईनं मला हळू हळू, सोप्या शब्दांत विचारलं, तुम्ही येऊन सांगाल का? आणि मी काही म्हणायच्या आधीच ती वाकली, अशी वाकली की मला लाज वाटली. मी तिला उठवलं. आपल्या भाषेतच म्हटलं, "बाई, असं नका करू." तिला काय कळलं असेल कोण जाणे, पण ती रडायला लागली.

सुटीच्या दिवशी मी गेले. मॅडमना सांगून गेले. त्या नाराज झाल्या, होऊ देत. पोलिसांनी दुभाषी दिली होती, दिल्लीकडची मुलगी. त्यांनी मला कुठं उभी होतीस, तो कुठं होता, हात कोणता, सगळं परत परत विचारलं. शेवटी त्या अधिकाऱ्यानं सरळ मलाच विचारलं, जपानीत, म्हणजे मला स्वतःला उत्तर देता यावं म्हणून. मी म्हटलं, "मिमाशिता." म्हणजे, मी पाहिलं.

एवढाच शब्द, दादा. ती पोरगी कोपऱ्यात बसली होती. हा शब्द ऐकला आणि तिनं मान वर केली. तोपर्यंत मी तिचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. गालावर तीळ आहे तिच्या.

तो माणूस नंतर त्याच दारापाशी सापडला आणि त्यानं कबूल केलं. पोलिसांनी दुभाषीकडून कळवलं.

घरी येताना गाडीत मला इतका संताप आला की दांडा धरलेला हात दुखायला लागला. कारण मला कळलं, मला तुझ्याकडून काय हवं होतं. तू भगवानरावाला मारायला पाहिजे होतंस, असं मला कधीच वाटलं नाही. तू तेव्हा गरीब होतास, वस्तीतला होतास, तो मॅनेजर होता. त्यानं तुला दुसऱ्या दिवशी काढलं असतं, आणि आपल्या बाजूनं बोलायला गावात कोणी आलं नसतं. हे सगळं मला तेव्हाही समजत होतं. पण बाबांना तर सांगता आलं असतं. आईला सांगता आलं असतं. निदान मला, रस पिताना, एवढं म्हणता आलं असतं, ममे, मी पाहिलं. तू तेही केलं नाहीस. त्यामुळं कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं, की आपणच काही चुकीचं समजलो का? गर्दीत लागला असेल का हात? मी नर्स आहे, लोकांचे हात रोज धरते, तरी मला माझ्याच मांडीवरचा हात खरा होता की नाही, याची शंका यायची. हे तू केलंस. त्यानं नाही, तू.

आई म्हणते, त्या माणसाचा काका दोन-चार लोक घेऊन पोळा झाल्यावर घरी येणार आहे. तू चहा ठेवायला लावशील. ते म्हणतील, पोरीचा गैरसमज झाला. तू मान हलवशील. निकिता आत दाराआड उभी राहून ते पाहील. मग तिचं काय होईल ते मला विचार, मी सांगते. ती चुपचाप लग्न करील, किंवा माझ्यासारखी इतक्या लांब निघून जाईल की तुला सणाला पोळी वाढायलाही येणार नाही.

तिची तक्रार मागं घ्यायला लावलीस, तर यापुढं मी तुला पत्र लिहिणार नाही. धमकी समज.

ममता


टोकियो, २० सप्टेंबर

दादा,

परवा ड्युटीवरून परत येताना निकिताचा फोन आला. गाडीत बोलता येत नाही, म्हणून मी फलाटावरच थांबले. गाड्या येत होत्या, जात होत्या, मी बाकावर बसून ऐकत होते.

ती सांगत होती, ते लोक आले. तू खुर्च्या टाकल्यास. वहिनीनं चहा दिला. काका अगदी तसंच बोलला, जसं मी लिहिलं होतं. पोट्टीचा गैरसमज झाला असंन, बसमध्ये गर्दी किती राह्यते, कोणाचाबी हात लागते, उगाच दोन घरची इज्जत कायले काढायची, आणि उधारीचं काय, ते आपलंच आहे, पुढच्या हंगामातही पाहू. तू चहाचे कप त्यांच्यापुढं सरकवत राहिलास. निकिता म्हणाली, मला वाटलं बाबा आता हो म्हणतील. तिनं मुठी आवळल्या होत्या.

मग तू बोललास. निकितानं मला ते जसंच्या तसं सांगितलं. मी दोनदा सांगायला लावलं.

"गर्दीत लागलेला हात अन् लावलेला हात, दोन्ही मले ओळखू येते. माह्या सख्ख्या बहिणीले लावलेला हात मी बसमध्ये ह्या डोळ्यानं पाहिला, अन् चूप बसलो. पोरीची तक्रार मांगं येणार नाही. चहा घ्या."

काकानं चहा घेतला नाही म्हणे. ते उठून गेले. आई दारात उभी होती, ती तुझ्याजवळ आली, आणि सगळ्यांना वाटलं आता पाठीवरून हात फिरवील. तिनं तुझ्या तोंडात मारली. या वयात. मग म्हणाली, "तवा काहून नाही सांगतलं मले?" आणि तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. तू हललासही नाहीस, असं निकिता म्हणाली.

तिला मी विचारलं, आणि तू काय केलंस? ती म्हणाली, मी सोमवारपासून कॉलेजला जाऊन राह्यली, आत्या. पहिल्या दिवशी तू तिच्यासोबत बसमध्ये चढलास. बसायला जागा होती तरी उभा राहिलास, आणि प्रत्येक चढणाऱ्या माणसाकडं असं पाहत होतास की रामसिंग ड्रायव्हरही आरशातून हसत होता. पुढच्या स्टॉपवर निकितानंच तुला उतरवलं. म्हणाली, "बाबा, तुमी वावरात जा. मी जाते." आणि तू उतरलास.

बियाणं आता उधार मिळणार नाही, हे मला कळतं. गावात दोन दारं बंद होतील, तेही कळतं. ते सोपं नव्हतं, हे मी मानते.

पण दादा, मी निवळले असं समजू नको. मी त्या बाकावर बसून पोटभर रडले, शेजारच्या आजीबाईनं मला रुमाल दिला, आणि रडून झाल्यावर पाहते तर राग तिथंच बसलेला. तो इतका जुना आहे की तुझ्या एका वाक्यानं उठून जाणार नाही. तू ते वाक्य अठरा वर्षं उशिरा बोललास, आणि मला नाही, त्या कृषी केंद्रवाल्याला बोललास. माझ्याशी अजून तू काहीच बोललेला नाहीस.

रविवारी मला सुटी आहे. दुपारी मी खोलीवरच असते. फोन कर. मी उचलीन. आधी मी बोलीन, आणि मी खूप बोलणार आहे. तू मधात बोलायचं नाही, कारणं द्यायची नाहीत, फोन वहिनीच्या हातात द्यायचा नाही, आणि खिडकीबाहेर पाहायचं नाही. माझं सगळं संपेपर्यंत ऐकून घ्यायचं.

मग तुला काय म्हणायचं आहे ते म्हण.

ममता